वजन उतरवायच्या सवयी: आधी काय, नंतर काय

वजन कमी करायला निघालेल्या बहुतेकांना काय करायचं ते पाठ असतं. कमी खा, गोड-तळलेलं आवरा, हातपाय हलवा. घोडं अडतं ते क्रमावर. पहाटेचा गजर, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद आणि तासभर धावणं हे सगळं एकाच सोमवारी सुरू होतं. मग दुसऱ्या आठवड्यात पाय दुखतात, डोकं दुखतं, घरात चिडचिड होते आणि जे एकदम सुरू झालं होतं ते एकदमच बंद पडतं.

खालचा क्रम साधारण तीन महिन्यांचा आहे. पहिला आठवडा वजन कमी करायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. इथेच अनेकांचा धीर सुटतो आणि ते थेट व्यायामाच्या टप्प्यावर उडी मारतात. तसं करू नका. पुढचे टप्पे आधीच्या टप्प्यांत गोळा केलेल्या माहितीवर चालतात.

आधी हे बघा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणकोणी सुरू करू नये

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर खाणं कमी केल्यावर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डोस बदलायचा का, हे खाणं कमी करण्याआधी ठरायला हवं. रक्तदाबाच्या औषधांचंही तसंच आहे. वजन उतरू लागलं की जुना डोस जास्त होऊन उठताना चक्कर येऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याबद्दल खाली जे लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही. हृदयाचा त्रास, चालताना छातीत दुखणं, थोड्याशा श्रमाने लागणारा दम यांतलं काही असेल तर तपासणी आधी, चालणं नंतर.

गरोदर स्त्रिया, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आई आणि वाढत्या वयातली मुलं यांच्यासाठी हा लेख नाही. पूर्वी कधी खाण्याचा विकार झाला असेल, म्हणजे उपाशी राहणं, खाऊन उलट्या काढणं, वजनाच्या आकड्याने पछाडून जाणं, तर इथल्या नोंदी आणि मोजमापंच घातक ठरू शकतात. अशांनी तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच काही करावं.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. काही औषधांमुळेच वजन वाढतं: स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसोपचारातली काही औषधं. अशी गोळी परस्पर बंद करू नका. पर्याय आहे का, एवढं मात्र नक्की विचारा.

टप्पा १: मोजमाप (एक दिवस)

तीन गोष्टी लागतात: वजनकाटा, शिवणकामाची टेप आणि वही.

वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, हलक्या कपड्यांत. काटा कडक, सपाट फरशीवर ठेवा. सतरंजीवर ठेवलेला काटा काहीही दाखवतो. दर वेळी काटा तोच आणि जागाही तीच.

कंबर मोजताना पँटच्या पट्ट्याची जागा धरली जाते. ती चूक. बोटांनी शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप येते. आरशात बाजूने बघा, टेप मागे खाली घसरलेली नको. श्वास नेहमीसारखा सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढून मोजलेला आकडा फक्त मोजणाऱ्याला खूश करतो. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा लक्षात ठेवायला सोपा निकष आहे. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर कंबर ८२च्या आसपास किंवा खाली.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा. तो काढायचा तर वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागा. ७८ किलो आणि १.६५ मीटर असेल तर उत्तर साधारण २८.७ येतं. २५च्या वर जास्त वजन धरतात. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहासारखे धोके कमी आकड्यालाच सुरू होतात, म्हणून त्यांनी २३ ओलांडल्यावरच लक्ष घालावं. मात्र बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, म्हणून तो एकटा धरून बसू नका. कंबर सोबत हवीच.

आता लक्ष्य. कॉलेजात असतानाचं वजन हे लक्ष्य नव्हे. सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, बस. ७८ किलोच्या माणसासाठी ते ४ ते ८ किलो होतात. एवढ्यानेही रक्तदाब आणि रक्तातली साखर यांत फरक पडतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे लोकांपुढे ठेवलेलं ध्येय होतं वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

वेग आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतो, आणि पुढे पुढे वेग आपोआप मंदावतो. ‘महिन्यात दहा किलो’ची जाहिरात दिसली की हा हिशेब करून बघा.

सावधान: फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि स्नायूही झिजतात. दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचे आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचे नसतात.

टप्पा २: सात दिवस फक्त नोंद

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. माझ्या मते सगळ्यात जास्त काम करणाराही हाच.

सात दिवस तुम्ही नेहमी जसं खाता तसंच खायचं आणि तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहायची. कॅलरी मोजू नका. वेळ, काय, किती आणि का, एवढंच. उदाहरणार्थ:

‘४:४० – चहा, २ चमचे साखर, बिस्किटं ४. भूक नव्हती. मीटिंग लांबली, पाकीट समोर होतं.’

‘९:५० – मुलाच्या ताटात उरलेलं, ३-४ घास. टाकवत नाही म्हणून.’

‘११:१५ – शेंगदाणे, एक मूठ, मग अजून एक. मोबाइल बघत.’

शेवटचा ‘का’ वगळू नका, पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे.

लिहायचं ते खाताना किंवा खाण्याआधी. रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहिलं की निम्मं गळतं. यात खोटेपणा काही नसतो, आठवणच तशी चालते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन हलत नाही’ म्हणणाऱ्या लोकांचं खाणं प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजलं. ते सांगत त्यापेक्षा बरंच जास्त खात होते. प्रत्यक्ष खाण्यातला सरासरी ४७ टक्के भाग त्यांच्या नोंदीत आलाच नव्हता, आणि हालचाल त्यांनी ५१ टक्के फुगवून सांगितली होती. त्यांची चयापचयाची गती मात्र नेहमीसारखीच निघाली.

बहुधा निसटतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: स्वयंपाक करताना घेतलेली चव, ताटांत उरलेले घास, चहा-कॉफीतली साखर, सरबतं आणि रस, शिजवताना पडलेलं तेल, उभ्याने खाल्लेलं काहीही.

सावधान: नोंद सुरू झाली की माणूस शहाण्यासारखं वागायला लागतो. ‘लिहावं लागेल’ म्हणून बिस्कीट परत ठेवलं जातं. ठीक आहे, पण मुद्दाम नको. खोट्या आठवड्यावर आखलेला बेत खऱ्या आठवड्यात टिकत नाही.

पुढे जाण्याआधी तपासा: सात दिवसांत दोन्ही सुट्टीचे वार आले का? पेयं लिहिली का? प्रत्येक नोंदीपुढे ‘का’ आहे का? झोपण्याची आणि उठण्याची वेळही टिपली असेल तर उत्तम, ती पुढे लागेल.

टप्पा ३: एकच जागा निवडा, एकच वाक्य लिहा (आठवडा २ आणि ३)

वही घेऊन बसा आणि प्रत्येक नोंदीवर खूण करा: भूक होती, समोर होतं, कंटाळा किंवा ताण होता, कोणी आग्रह केला. अर्ध्या तासात चित्र दिसतं. बहुतेकांची जेवणं ठीकच असतात आणि गडबड असते दुपारी चार ते सात किंवा रात्री जेवणानंतर. काहींच्या बाबतीत ती फक्त शनिवार-रविवारी असते.

आता एकच जागा निवडा. निकष दोन: ती आठवड्यात वारंवार आलेली असावी, आणि ती सुटल्याचं दुःख कमी असावं. आवडीच्या पदार्थावर पहिला हात टाकू नका. तो सगळ्यात अवघड किल्ला आहे.

गोड पेयं हा पुष्कळांसाठी सोपा दरवाजा असतो. दिवसाला तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सहा चमचे, २५ ते ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर (मध आणि फळांचा रसही त्यात धरून) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगते. २,००० कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅम होते, आणि जमल्यास याच्या निम्मी ठेवा असंही ती सांगते. म्हणजे २५ ग्रॅमचा कोटा कपातच संपला. पोट मात्र तसूभरही भरलेलं नाही.

जागा ठरली की तिच्यासाठी एक वाक्य लिहा. साचा असा: अमुक झालं की मी तमुक करीन.

‘उद्यापासून गोड कमी’ हे वाक्य निरुपयोगी आहे. कधी, कुठे, किती, काहीच ठरत नाही. ‘दुपारचा चहा ओतला की अर्धाच चमचा साखर घालीन’ हे चालतं. ‘रात्रीची भांडी आवरली की दात घासीन’ हे तर फारच चांगलं, कारण दात घासल्यावर खाण्याचा मोह बराच कमी होतो. नवी सवय नेहमी आधीपासून पक्क्या असलेल्या एखाद्या गोष्टीच्या शेपटीला बांधायची. घड्याळाच्या वेळा चुकतात, चहा ओतणं आणि भांडी आवरणं चुकत नाही.

किती दिवस लागतील? एकवीस दिवसांत सवय लागते, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी सवय लावून घेतली. ती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर रुळली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हाही त्यातलाच निष्कर्ष. तेव्हा बाविसाव्या दिवशी जड वाटलं तर बिनसलं काही नाही.

याच आठवड्यात घराची मांडणीही बदला. यात इच्छाशक्ती फक्त एकदा, अर्धा तास लागते.

‘समोर होतं’ अशी खूण असलेल्या वस्तू ओट्यावरून हलवून वरच्या फडताळात, अपारदर्शक डब्यात ठेवा. ओट्यावर धुतलेली फळं राहू द्या. न धुतलेली कोणी खात नाही. पाकिटातून थेट खाणं बंद, आधी वाटीत काढा आणि पाकीट बंद करून जागेवर ठेवून मगच बसा. बाजाराला जेवून जा, यादी घेऊन जा.

घरात इतरांचा खाऊ असतोच, आणि तुमचं वजन ही त्यांची शिक्षा नव्हे. त्यांना त्यांचा कप्पा द्या. विनंती एकच करा: माझ्यासमोर पाकीट उघडं ठेवू नका.

पाकीटबंद खाण्याबद्दल थोडं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश दोन्हींत सारखे, खायचं मात्र मनाप्रमाणे. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन जवळपास एक किलोने वाढलं. पाकीट संपेपर्यंत हात थांबत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. पाकीट घरी आणायचं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

तपासा: वाक्य आठवड्यातून निदान पाच दिवस पाळलं गेलं का? नसेल तर दुसरं वाक्य जोडू नका. तेच वाक्य सोपं करा.

टप्पा ४: ताट (आठवडा ४ पासून)

इथेही क्रम आहे. आधी वाढवायचं, मग कमी करायचं. उलटं केलं की भूक मागे लागते आणि रात्री दहाला सगळं भरून निघतं.

पहिल्यांदा भाजी. ताट वाढताना अर्धी जागा भाज्या आणि कोशिंबिरीला आधी द्या. उरलेल्या अर्ध्यात निम्मं प्रथिनांचं, निम्मं धान्याचं. धान्य बंद करायची गरज नाही, ते शेवटी वाढायचं.

दुसरी प्रथिनं. त्यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकायला मदत होते. प्रौढाची किमान गरज किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास असते, वजन उतरवताना १.२ ग्रॅमपर्यंत न्यायला हरकत नाही. वजन बरंच जास्त असेल तर हिशेब लक्ष्याच्या वजनावर करा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात ६ ते ७, शंभर ग्रॅम साध्या दह्यात साडेतीन, शंभर ग्रॅम शिजवलेल्या मासळीत २० किंवा थोडी जास्त. हिशेब केल्यावर बहुतेकांना कळतं की सकाळच्या खाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. दुरुस्ती तिथून सुरू करा.

तिसरं तेल. मोठा एक चमचा, १५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. पातेल्यात ओतताना एक आणि तीन चमच्यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. यावर उपाय सोपा आहे: तेलाची बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा. एक लिटर तेल चार माणसांत वीस दिवस पुरलं, तर माणशी रोजचे साडेबारा मिलिलिटर, म्हणजे शंभरेक कॅलरी. दहाच दिवसांत संपलं तर दुप्पट. पुढची बाटली दोन-चार दिवस जास्त पुरवायची, एवढंच ठरवा. रोज चमचे मोजत बसण्यापेक्षा हे पुष्कळ टिकतं. बाहेरच्या खाण्यातलं तेल यात येत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

दुसरी वाढ घ्यायची असेल तर दहा मिनिटं थांबा, पाणी प्या आणि मग घ्या. बंदी नाही. बऱ्याचदा घ्यावीशी वाटत नाही.

नेहमीच्या चुका:

- जेवण टाळणं. दुपार वाचवली म्हणून संध्याकाळी डबा फस्त होतो. तुमच्या नोंदीतच हे दिसेल.
- फळाऐवजी रस. रसात बहुतेक तंतू जातात, साखर राहते, आणि चार फळं दोन मिनिटांत पोटात जातात.
- ‘पौष्टिक’ म्हणून मोजायचं नाही. शंभर ग्रॅम सुक्या मेव्यातल्या बिया किंवा दाणे ५५० ते ६५० कॅलरींचे असतात. मूठभर ठीक, डबा मांडीवर नको. मध म्हणजे साखरच.
- दारूचा हिशेब सोडणं. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी, स्निग्धांशाच्या ९ च्या खालोखाल. सोबतच्या खाण्याचं वेगळंच.

टप्पा ५: चालणं (आठवडा ५ पासून)

व्यायाम इतक्या उशिरा का? खाणं थोडं मार्गी लागल्याशिवाय व्यायाम सुरू केला की भूक वाढते आणि ‘आज चाललो’ म्हणून बक्षीसही मिळतं. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास भराभर चालून सव्वाशे ते दीडशे कॅलरी जळतात. चार-पाच क्रीमच्या बिस्किटांत त्या परत येतात. मनगटी घड्याळातला कॅलरींचा आकडा खाण्याच्या परवान्यासारखा वापरू नका, तो बराच चुकतो. ज्यांना आधीपासून चालण्याची सवय आहे त्यांनी ती अर्थातच सोडू नये.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार श्रमाची. तिथे पोचायला पाच-सहा आठवडे घ्या.

पहिला आठवडा: एका जेवणानंतर दहा मिनिटं. जेवण ही पक्की खुंटी आहे, तिलाच बांधा. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, आणि मिनिटं पुरेशी झाली की मग वेग. वेग योग्य आहे का ते कळायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता येत असेल तर पाय उचला, दोन शब्दही बोलवत नसतील तर आवरा.

बूट-चपलांकडे बघा. तळवा झिजून एका बाजूला कलला असेल तर गुडघा बोलायला लागतो. स्नायू दुखणं दोन दिवसांत उतरतं. सांध्यात एकाच जागी टोचणारी, दर वेळी परत येणारी कळ असेल तर दाखवून घ्या.

सावधान: छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक घाम. यांतलं काहीही झालं तर ‘थोडं राहिलंय, पूर्ण करतो’ नको. थांबा आणि तातडीने मदत घ्या.

टप्पा ६: ताकदीचे व्यायाम (आठवडा ८ पासून)

वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ते टिकवायला नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एखादा दिवस सोडून, वीस मिनिटं द्या. जिम हवीच असं नाही.

सुरुवात खुर्चीने करा. भक्कम, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. कडेवर बसा, पावलं खांद्याइतकी अंतरावर, हात छातीवर. टाचांवर भार देऊन उठा, मग बसताना तीन आकडे मोजत हळू खाली या. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला. गुडघे आत वळत असतील तर पावलांच्या दिशेने बाहेर ठेवा. हे आठ ते बारा वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा एकदा.

त्याच्या जोडीला भिंतीवर हात टेकवून दंड, भरलेली पिशवी कमरेत वाकून छातीकडे ओढणं, एका पायरीवर चढ-उतर. बारा वेळा सहज व्हायला लागलं की खुर्चीऐवजी ठेंगणं स्टूल, भिंतीऐवजी टेबल, पिशवीत अजून एक किलो. वाढवलं नाही तर स्नायूंना टिकायचं कारण उरत नाही.

श्वास रोखून जोर लावू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. जोर लावताना श्वास सोडा.

पोटाचे व्यायाम केले की पोटाची चरबी जाते, हा समज सोडा. पोटाचे स्नायू बळकट होतात, वरची चरबी शरीर त्याच्या क्रमाने वापरतं. तो क्रम आपल्याला ठरवता येत नाही.

झोपेचं इथेच सांगतो, कारण व्यायामासाठी पहाटे उठणारे ती कापतात. रात्री साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या लोकांची झोप सव्वाएक तासाने वाढवून बघितली. त्यांचं खाणं रोज सुमारे २७० कॅलरींनी आपोआप कमी झालं. हा अभ्यास २०२२चा. पहाटे पाचला उठायचं तर रात्री दहाला आडवं व्हायला हवं. ते जमत नसेल तर व्यायाम संध्याकाळी करा.

टप्पा ७: काटा कसा वाचायचा

सुरुवातीच्या दिवसांत दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटू नका. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की साठा घटतो आणि पाणीही जातं. चार दिवस नेहमीसारखं जेवलात की ते परत येतं. खारट खाणं, मासिक पाळी, बद्धकोष्ठता, नव्या व्यायामाने सुजलेले स्नायू यांतल्या कशानेही काटा एका दिवसात किलोभर वर सरकू शकतो.

म्हणून रोज मोजा आणि आठवड्याची सरासरी काढा. समजा एका आठवड्याचे आकडे ७७.४, ७७.९, ७७.२, ७७.६, ७८.१, ७७.३, ७७.५. सरासरी ७७.६. पुढच्या आठवड्यात ७७.१, ७७.०, ७७.८, ७६.९, ७७.२, ७७.६, ७६.९. सरासरी ७७.२. आता फक्त दोन्ही आठवड्यांतला तिसरा दिवस बघा: ७७.२ वरून ७७.८. तेवढाच बघणारा माणूस त्या दिवशी हाय खाऊन सगळं सोडून देतो, आणि वजन तर चारशे ग्रॅमने उतरलेलं असतं.

रोजचा आकडा डोक्यात घोळत राहत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी मोजा आणि महिन्याचा कल बघा. कंबर महिन्यातून एकदा.

सरासरी अडकली तर? दोन आठवडे काहीच बदलू नका. तीन-चार आठवडे सरासरीही जागची हलली नाही आणि कंबरही तेवढीच राहिली, तर या क्रमाने बघा:

१. चार दिवस पुन्हा नोंद करा, त्यात सुट्टीचे दोन वार धरून. बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.
२. तेलाच्या बाटलीवरची तारीख बघा.
३. चालण्याखेरीज दिवसभराची हालचाल घटली आहे का? चालून आल्यावर दिवसभर खुर्चीत बसणं ही सामान्य गोष्ट आहे.
४. हे सगळं ठीक असेल, तर हलक्या शरीराला आता कमी ऊर्जा पुरते. एका वेळचं धान्य थोडं घटवा किंवा चालणं आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा. दोन्हींतलं एकच, आणि मग तीन आठवडे वाट बघा.

कमी खाऊनही वजन वाढतच असेल आणि थकवा, थंडी सहन न होणं, पायांवर सूज असं काही जोडीला असेल, तर थायरॉइड वगैरे तपासून घ्या.

टप्पा ८: खंड पडला की

पडणारच. ताप येतो, लग्न निघतं, कामाचा डोंगर कोसळतो. त्यासाठी प्रत्येक सवयीची एक किमान आवृत्ती आधीच वहीत लिहून ठेवा. अर्ध्या तासाच्या चालण्याची किमान आवृत्ती पाच मिनिटं. अर्ध्या ताट भाजीची, एक काकडी. ताकदीच्या व्यायामाची, खुर्चीवरून दहा उठबशा. अवघड आठवड्यात फक्त एवढंच करायचं आणि तरी वहीत टिक करायची.

भरपूर खाणं झालं तर दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करू नका. पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे घ्या. उपास, मग भूक, मग पुन्हा भरपूर, हे चक्र एका जेवणापेक्षा जास्त नुकसान करतं.

आजारपणानंतर व्यायाम होता तिथूनच उचलू नका. निम्म्यापासून सुरू करा.

टप्पा ९: वजन उतरल्यावर

लक्ष्य गाठलं की लोक वही फेकून देतात आणि काटा पलंगाखाली सरकवतात. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते. निदान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची माहिती तीत जमा होते. त्यांच्यात बहुतेक जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात आणि रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात. टिकवायला उतरवण्यापेक्षा जास्त चालावं लागतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

खाणं हळूहळू वाढवा. आठवड्याला शंभरेक कॅलरींची भर घाला आणि सरासरी स्थिर होईपर्यंत बघत राहा. मग वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहा: गाठलेलं वजन अधिक दोन किलो. आठवड्याची सरासरी त्या आकड्याला टेकली की नवा आहार शोधत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपासून टप्पा २ची सात दिवसांची नोंद पुन्हा सुरू करा, सुट्टीच्या दोन्ही वारांसकट.